खडेबाजारातली गरी

माझी मावशी बेळगावात खडेबाजारात राहते. खरं म्हणजे बेळगावात खडेबाजार दोन आहेत. एक शहरातला, गणपत गल्लीच्या शेजारचा, आणि दुसरा शहापूरचा. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. म्हणजे इंग्रजांच्या बेळगावात एक खडेबाजार आणि चालत जाण्याच्या अंतरावर पटवर्धनांच्या मुलखात दुसरा! मावशीचा खडेबाजार शहरातला. आम्हा गोवेकरांना तो ठाऊक असतो तो लग्नाच्या बस्त्यासाठी, भांड्याकुंड्यांसाठी आणि परतताना न्यायच्या कुंद्यासाठी. गेल्या एप्रिलात मी मात्र तिथे एक वेगळीच वस्तू शोधत फिरत होतो. माशाची गरी.

त्याचं असं झालं. मावसभावाची दोन मुलं आणि गल्लीतली आणखी पाच, अशी सात पोरं मे महिन्यात तीन दिवस माझ्याकडे यायची होती. मावसभावानेच हे काढलं. म्हणाला, "दिवसभर मोबाईल बघत बसायलीत ही. तुझ्याकडे ने आणि खाडीत मासे धरायला शिकव की." बोलण्याच्या भरात मी हो म्हटलं. माझं गाव तिसवाडीत, मांडवीच्या काठी. लहानपणी मी स्वतः मानशीवर बसून गरी टाकलेली. पण सात पोरांना शिकवायचं म्हणजे सात दोऱ्या, सात गऱ्या, शिसं, आमिष, सगळं आलं. मुलांना आपापली गरी स्वतः विकत घेऊ द्यावी, म्हणजे ती जपून वापरतील, असा माझा हिशेब.

दोन-तीन दुकानं हिंडल्यावर एका जुन्या हार्डवेअरवाल्याकडे गऱ्या मिळाल्या. त्याने कागदाची पुडी सोडली आणि विचारलं, "कुठल्या तळ्यावर जाणार?"

"तळ्यावर नाही, गोव्याला. खाडीवर."

"मग ह्या नका नेऊ. हे गळ गोड्या पाण्यातले. खाऱ्या पाण्यात दोन दिवसांत गंजतील."

माणूस प्रामाणिक. पण मावसभावाच्या दहा वर्षांच्या मुलीने तोवर एक गरी उचलून मुठीत धरली होती. ती काही केल्या सोडेना. शेवटी तेवढी एक घेतली. बाहेर पडता पडता तिने मला विचारलं, "काका, बेळगावात समुद्र नाही, खाडी नाही, मग आमचा आणि माशांचा काय संबंध?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर चटकन सुचलं नाही. त्या रात्री मावशीकडे माडीवर पडल्या पडल्या मी त्याचाच विचार करत होतो. आणि जसजसा विचार करत गेलो तसतसं लक्षात आलं, की संबंध आहे. चांगला नऊशे वर्षांचा आहे.

सुरुवात एका राजापासून करावी लागते. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर हा ११२६ च्या सुमारास गादीवर आला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. बाप सहावा विक्रमादित्य, मोठा पराक्रमी. मुलगा मात्र लढायांपेक्षा ग्रंथात रमणारा. त्याने ११२९ ते ११३१ च्या दरम्यान 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. 'अभिलषितार्थचिंतामणि' हे त्याचं दुसरं नाव. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असे शंभर अध्याय. राज्य कसं मिळवावं, कसं टिकवावं इथपासून हत्ती, रत्नं, स्वयंपाक, संगीत, खेळ इथपर्यंत सगळं त्यात आहे. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ ठाऊक असतो तो त्यातल्या गीतांच्या प्रकरणात जुन्या मराठीचे नमुने सापडतात म्हणून. पण त्यातच 'मत्स्यविनोद' नावाचं एक प्रकरण आहे, आणि ते चक्क गळाने मासे धरण्याचं आहे!

पोट भरण्यासाठी नव्हे, विनोदासाठी. आज ज्याला आपण छंद म्हणतो तोच हा. तिसाहून अधिक जातींचे मासे राजाने नोंदवले आहेत. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते आणि बिनखवल्यांचे कोणते, अशी वर्गवारी केली आहे. कोणत्या माशाला काय चारून एका जागी येण्याची सवय लावावी, काठी कशी, दोरी कशी, गळ कसा, मासा लागल्यावर काय करावं, हेही आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा आधुनिक मत्स्यशास्त्राच्या अभ्यासकांना त्याची ओळख झाली. इंग्लंडात गळाच्या मासेमारीवरचा पहिला छापील प्रबंध निघाला १४९६ साली. आयझॅक वॉल्टनचं जगप्रसिद्ध पुस्तक १६५३ चं. आमचा सोमेश्वर त्या पहिल्या प्रबंधाच्याही साडेतीनशे वर्षं आधीचा.

आता यात बेळगाव आणि गोवा कुठे आला? तर या सोमेश्वराची बहीण मैलालदेवी ही गोव्याच्या कदंबांची राणी होती. दुसऱ्या जयकेशीला विक्रमादित्याने आपली लेक दिली होती. आणि या कदंबांचं राज्य घाटाच्या वरही होतं नि खालीही. खाली आधी चंद्रपूर, म्हणजे चांदर, आणि मग जुवारीच्या काठचं गोपकपट्टण. वर खानापूर तालुक्यातलं हळशी, जुनं पलाशिका, ही त्यांची दुसरी राजधानी. आज हळशीहून गोव्याला यायचं तर राज्याची सीमा ओलांडावी लागते, पाट्यांवरची लिपी बदलते. कदंबांच्या काळात ते एकाच घरातलं माजघर आणि ओसरी होतं. माहेरी भावाने गळावर ग्रंथ लिहावा आणि सासरी बहिणीच्या राज्यात जुवारी-मांडवीची खाडी असावी, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो. त्यातून ग्रंथाचं नाव 'मानसोल्लास' आणि आमच्या खाडीवर मासे धरायची जागा ती 'मानस'. या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण गोवेकराला हसू आल्याशिवाय राहत नाही.

मत्स्यविनोद हा राजाचा झाला. सामान्य माणसाच्या ताटात बेळगावला जो मासा पोचला तो मिठाच्या पाठीवर बसून. शब्दशः! रामघाट, पारपोली, चोर्ला, तिनई अशा घाटवाटांनी लमाण-वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे चढत. वर जाताना मीठ, नारळ, सुपारी आणि खारवलेले मासे, खाली येताना तांदूळ, डाळी, गूळ, कापड. बर्फ नव्हता, मोटारी नव्हत्या. घाट चढायला काही दिवस लागायचे. ताजा मासा वर जाणं शक्यच नव्हतं. म्हणून देशावरच्या माणसाला समुद्र ठाऊक झाला तो खाऱ्या बांगड्यातून आणि सुकटीतून. माझी मावशी अजूनही पावसाळ्यासाठी सुके बांगडे डब्यात भरून ठेवते आणि शेजारच्या शाकाहारी बिऱ्हाडाला वास जाऊ नये म्हणून खिडकी लावून भाजते. पन्नास वर्षांत शेजाऱ्यांनी एकदाही तक्रार केलेली नाही. त्यांना वास येत नसेल असं मला वाटत नाही. पिढ्यान् पिढ्यांच्या शेजाराने नाकालाही सवय होत असावी.

या मिठावर एकदा इंग्रजांची नजर पडली. गोव्यातलं स्वस्त मीठ घाट चढून ब्रिटिश मुलखात चोरून जातं आणि आपला मिठावरचा कर बुडतो, ही त्यांची तक्रार जुनीच होती. डिसेंबर १८७८ मध्ये पोर्तुगिजांशी करार झाला. त्यानुसार गोव्यातल्या मिठागरांवर इंग्रजांचा ताबा आला आणि बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. याच कराराने मुरगावचा लोहमार्गही झाला, १८८८ साली तो कॅसलरॉकला ब्रिटिश रेल्वेला जोडला गेला. पण मिठावरच्या बंधनांचा तडाखा मिठागरवाल्यांना बसला आणि मासे खारवणाऱ्यांनाही. मीठ महाग म्हणजे खारा मासा महाग. १८९२ साली करार संपला. इतिहासाच्या पुस्तकात हा करार रेल्वेसाठी लक्षात ठेवतात. मला तो आठवतो तो सुक्या बांगड्यासाठी.

पुढे १९५५ च्या सुमारास भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. रेल्वे थांबली, व्यापार थांबला. त्या आधीच्या आणि त्या काळातल्याही कितीतरी गोवेकरांनी बेळगावला राहून शिक्षण घेतलं, चळवळ केली. सत्याग्रही इथून सीमेवर गेले. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सेनेने गोव्यात प्रवेश केला तेव्हाही बेळगाव हा त्या कारवाईचा मुख्य तळ होता. माझी मावशी लग्न होऊन खडेबाजारात गेली ती त्यानंतर. ती म्हणते, "आमच्या लग्नात जेवणापेक्षा लोकांना कौतुक होतं ते रस्ता उघडल्याचं."

गळाच्या छंदाची दुसरी एक वाट बेळगावात आली ती कॅम्पातून. १८१८ च्या एप्रिलात बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला आणि पुढे तिथे मोठी छावणी वसली. सुट्टीच्या दिवशी काठी-दोरी घेऊन नदीवर जाणं हा साहेबांचा आवडता उद्योग. या साहेबांचं भारतातलं मोठं पुस्तक म्हणजे हेन्री सलिव्हन थॉमस यांचं 'द रॉड इन इंडिया'. थॉमस मद्रास सरकारच्या सेवेत, दक्षिण कानडा जिल्ह्याचे कलेक्टर. पुस्तक १८७३ साली छापलं गेलं तेही मंगळुरात, आपल्याच किनाऱ्यावर. साहेबांच्या छंदाला एक चांगली बाजू होती, ती म्हणजे त्यांना माशांच्या नाशाची चिंता लागली. सुरुंग लावून आणि विष कालवून मासे मारण्यावर बंदी घालणारा कायदा १८९७ साली झाला, त्यामागे त्या काळच्या अशा पाहण्या आणि अहवाल होते. वाईट बाजू अशी, की शौकाने धरणारा तो सभ्य आणि पोटासाठी धरणारा तो अडाणी, अशी एक समजूत या मंडळींनी मागे ठेवली. ती अजून पुरती गेलेली नाही.

आमच्याकडचा गरी टाकणारा पोरगा यातल्या कुठल्याच वर्गात बसत नाही. तो राजा नाही, साहेब नाही आणि त्या घडीला नुस्तेकारही नाही. शाळा सुटल्यावर बाटलीला दोरी गुंडाळून मानशीवर जायचं, दोन काळुंदरं नाहीतर एखादा शेवटा मिळाला तर आई खूश, नाही मिळाला तर पाठीत धपाटा. ही आमची शाळा. तिला ना इमारत, ना फी. या शाळेत बेळगावची सात पोरं भरती झाली ती वैशाखातल्या वद्य सप्तमीला.

तिथी मी मुद्दाम पाहून ठेवली होती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाण्याला ओढ फार. नवख्या मुलांसाठी अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती बरी, पाणी संथ चढतं आणि संथ उतरतं. मुलांना शिकवायला मी आमच्या वाड्यावरच्या एका म्हाताऱ्या नुस्तेकाराला बोलावलं होतं. सगळे त्यांना दादा म्हणतात. वय ऐंशीच्या घरात, डोळ्यांना कमी दिसतं, पण दोरीचं टोक बोटाला लागलं की खाली कोण आहे ते सांगतात.

दादांनी पहिल्या दिवशी गरीला हातच लावू दिला नाही. त्यांनी मुलांना विचारलं, "पाऊणकी येता?"

मुलं माझ्या तोंडाकडे बघू लागली. पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे त्यांनी कधी ऐकले नव्हते. मग दादांनी कोकणातला जुना हिशेब सांगितला. तिथीला पाऊणपट करायचं. येईल तो आकडा भरतीच्या वेळेचा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आमच्याकडे आणि खाडीत आत यात थोडा मागेपुढे फरक पडतो, तो ज्याने त्याने आपल्या जागेवर बसून शिकायचा. चौदा वर्षांच्या थोरल्या मुलाने मोबाईल काढला आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते हे वाचून दाखवलं. मग स्वतःच गणित केलं, "म्हणजे एका तिथीला पाऊण तास. पंचेचाळीस मिनिटं. बरोबर यायलंय की!" दादांनी मोबाईलकडे बघितलंही नाही. म्हणाले, "ताका आतां कळ्ळें व्हय?" (त्याला आत्ता कळलं होय?)

दुसऱ्या दिवशी मानस दाखवली. ज्यांना खाजन जमिनी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खाडीकाठची खोलगट जमीन मातीचे आणि दगडांचे बांध घालून आपल्या पूर्वजांनी खाऱ्या पाण्यातून सोडवली. गोव्यात अशी खाजनं सुमारे अठरा हजार हेक्टर असल्याचं सांगतात. बांधात लाकडी दारं असतात, ती मानस. भरती आली की पाण्याच्या दाबानेच दारं मिटतात, ओहोटीला उघडतात आणि आतलं पाणी बाहेर जातं. दाराच्या आत पाण्यासाठी खोल जागा असते, ती पोय. ओहोटीच्या वेळी दाराला जाळं लावलं की बाहेर जाणारे मासे, सुंगटं त्यात येतात. आत कोरगुटासारखा खारं पाणी सोसणारा भात. म्हणजे एकाच जमिनीवर भातही आणि मासाही. गावकरी मानशीच्या मासेमारीची पावणी करत आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी होत असे.

व्यवस्था देखणी, पण ती टिकते ती भांडण आवरण्यावर. मासे धरणाऱ्याला वाटतं खारं पाणी आत जास्त वेळ राहावं, शेतकऱ्याला वाटतं अजिबात येऊ नये. दोघांचंही भागेल एवढंच पाणी आत घ्यायचं, हे गावाने ठरवायचं. कूळ कायद्यानंतर जमिनीची मालकी बदलली, शेती परवडेनाशी झाली, गावकीचा धाक गेला आणि बांधाकडे बघणारं कोणी उरलं नाही. मी ज्या मानशीवर गरी टाकायला शिकलो तिचं एक दार आता नाही. बांधाला भगदाड पडलं आहे आणि आतल्या शेतात तिवरं वाढली आहेत. मुलांना ते हिरवं रान फार आवडलं. मी काही बोललो नाही. दादा म्हणाले, "हांगा आमी भात कापतालों."

तिसऱ्या दिवशी सकाळी गऱ्या पाण्यात पडल्या. आमिष म्हणून लहान सुंगटं. पहिला अर्धा तास फक्त गुंता सोडवण्यात गेला. मग एकाला काळुंदर लागलं, दुसऱ्याला खेकडा. आणि नऊ वर्षांचा सगळ्यात लहान मुलगा एकदम ओरडला, "काका, ओढायलाय, ओढायलाय!" दादा त्याच्या मागे जाऊन बसले. हळूच म्हणाले, "ओगी राव. ओडूं नाका. ताका खेळूं दी." दहा मिनिटांनी पाण्यातून चकाकत वर आला तो चणक. चणकाचं पिल्लू म्हणा, वीतभर लांब.

काठावर आरडाओरडा, फोटो, नाच. आणि मग दादांनी तो मासा ओल्या हाताने अलगद सोडवला आणि पाण्यात परत टाकला.

पोरगं असं काही रडलं म्हणता! दादांवर, माझ्यावर, सगळ्या गोव्यावर त्याचा राग. आपल्या आयुष्यातला पहिला मासा कोणी असा हातचा काढून फेकून दिला तर कुणालाही राग येईल. दादा नुसते हसत होते. समजावण्याचं काम माझ्याकडे आलं.

मी त्याला सांगितलं, की चणक हा वेगळाच प्राणी आहे. तो जन्माला येतो तेव्हा नर असतो. काही वर्षं नर म्हणूनच वाढतो आणि चांगला मोठा झाला की मादी होतो. नदीत, खाडीत वाढतो, पण अंडी घालायची वेळ आली की खाऱ्या पाण्याकडे, समुद्राच्या तोंडाशी जातो. म्हणजे तू धरलास तो बाळ्या होता. त्याला सोडलास तर काही वर्षांनी तो आई होईल. तो बाळ्याच खाल्ला तर आई कुठून येणार?

मुलाचं रडणं थांबलं. डोळे पुसत त्याने विचारलं, "मग बाजारात मोठे चणक विकतात ते सगळ्या आयाच की?"

याला मी काय उत्तर देणार! खरंच आहे. लहान मासा सोडा म्हणणं सोपं. मोठ्या माशाला मागणी आहे, भाव आहे, हॉटेलं आहेत. २०१६ साली गोवा सरकारने शेवट्याला राज्याचा मासा म्हणून मान दिला, ते छानच झालं. पण मान देऊन मासा वाढत नाही. २०१८ साली माशांना फॉर्मेलिन लावतात असा गवगवा झाला आणि जुलैत परराज्यातल्या माशांवर काही दिवस बंदी आली, तेव्हा पहिल्यांदा कित्येक गोवेकरांना कळलं की आपल्या ताटातला बराचसा मासा ट्रकमधून बाहेरून येतो. एके काळी आमचा खारा मासा बैलाच्या पाठीवर घाट चढायचा. आता बाहेरचा मासा बर्फात बसून आमच्याकडे येतो.

संध्याकाळी ओसरीवर हुमण-भात जेवताना त्या दहा वर्षांच्या मुलीने आणखी एक प्रश्न काढला. "काका, ही नदी येते कुठून?"

मी म्हटलं, "तुमच्याकडून."

ती खरोखरच चकित झाली. मांडवी म्हणजेच म्हादई. तिचा उगम खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातच. तिथून ती घाट उतरते, गोव्यात येते आणि पणजीला समुद्राला मिळते. भरतीचं पाणी नदीतून आत गांज्यापर्यंत, म्हणजे मुखापासून सुमारे पन्नास किलोमीटर चढतं. पावसात वरून एवढं गोडं पाणी लोटतं की मुखाशीसुद्धा वरचं पाणी जवळजवळ गोडं होतं. उन्हाळ्यात वरचं पाणी आटतं आणि खारं पाणी आत आत सरकतं. या दोघांच्या रस्सीखेचीत खाडीतला मासा जगतो. काळुंदर, शेवटे, चणक, सुंगटं, सगळ्यांचा पंचांग हा. गोडं पाणी कधी आणि किती उतरतं यावर त्यांचं येणंजाणं ठरतं.

आणि याच पाण्यावरून दोन्ही राज्यं कोर्टात आहेत, हे मला त्या लेकराला सांगावं लागलं. कळसा आणि भांडुरा या म्हादईच्या उपनद्यांचं पाणी मलप्रभेत वळवायची कर्नाटकाची योजना जुनी आहे. २०१० साली लवाद नेमला गेला. १४ ऑगस्ट २०१८ ला त्याचा निवाडा आला. गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३. कर्नाटकाच्या वाट्यातलं ३.९ टीएमसी मलप्रभेच्या खोऱ्यात वळवण्यासाठी. फेब्रुवारी २०२० मध्ये तो निवाडा राजपत्रात आला, डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने योजनेच्या अहवालाला मान्यता दिली. गोव्यात मोर्चे निघाले, तिकडे हुबळी-धारवाडकडेही निघाले. तिकडच्यांचंही म्हणणं खोटं नाही, उन्हाळ्यात त्यांच्या गावांना प्यायला पाणी नसतं. पण आमच्या खाडीतल्या चणकाची बाजू कुठल्याही वकिलाला मांडता आली आहे असं मला वाटत नाही. ३.९ हा आकडा मोठा की लहान, हे कागदावर ठरतं. मे महिन्यात तो किती मोठा असतो ते खाडीला विचारायला हवं.

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आमच्या शाळेत सांगतात पाणी आम्हाला पाहिजे, आणि तुमच्या शाळेत सांगतात तुम्हाला पाहिजे."

"हो."

"आणि मासा?"

चौथ्या दिवशी सकाळी मी मुलांना सोडायला चोर्ल्याच्या वाटेने बेळगावला निघालो. घाट चढून कणकुंबीला थांबलो. तिथे माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे. याच कणकुंबीच्या परिसरात कळसाही आहे. मी मुलांना सांगितलं, की इथे पाऊस पडतो तेव्हा एक थेंब पूर्वेला जातो, मलप्रभेतून कुडलसंगमाला कृष्णेत आणि तिथून बंगालच्या उपसागरात. शेजारचाच थेंब पश्चिमेला जातो, म्हादईतून आपण काल बसलो होतो त्या मानशीखालून अरबी समुद्रात. दोन थेंबांत हातभराचं अंतर आणि त्यांचे समुद्र वेगळे.

मुलांनी देवाला हात जोडले, थंड पाणी प्याली आणि गाडीत बसली. त्या धाकट्याने खिडकीतून विचारलं, की आपला चणक आता केवढा झाला असेल. कालच सोडलेला! थोरला म्हणाला, "एका रात्रीत वाढतंय होय?" पण मला बरं वाटलं. कालपर्यंत जो मासा हातातून गेला म्हणून तो रडत होता, तो आता 'आपला' झाला होता. राजाला ग्रंथ लिहून आणि साहेबाला कायदा करून जे साधायचं होतं ते हेच असावं.

खडेबाजारात पोचलो तेव्हा बाजार नुकता उघडत होता. मावशीने पोरांच्या अंगाचा वास घेतला आणि म्हणाली, "आली गं बाई घरी सगळी खाडी." दहा वर्षांच्या मुलीने खिशातून कागदाची पुडी काढून मला दाखवली. आत ती खडेबाजारात घेतलेली गरी. दुकानदार म्हणाला होता तसंच झालं होतं, तीन दिवसांत टोकाला तांबूस गंज चढला होता. मी म्हटलं, "टाकून दे, पुढच्या वर्षी खाऱ्या पाण्यातली चांगली घेऊ."

"नको," ती म्हणाली, आणि पुडी मिटून कंपासपेटीत ठेवली. "गोड्या पाण्यातली खाऱ्या पाण्यात जाऊन आली आहे ही."